ज्याचा हुकूम, त्याचा पहिला घाव

रोमन माणसानं देवळाच्या पुढच्या भिंतीकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो पायाबद्दल.

"किती खोल आहे?"

मी तो प्रश्न आमच्या भाषेत बाबांना सांगितला. बाबा म्हणाले, "पाणी लागेपर्यंत खणतो. मग स्वच्छ वाळू घालतो आणि वाळूवर दगड."

मी ते ग्रीकमध्ये त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पुढे झाला आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केली.

"मडकं विकत घेतोय की काय," आमचा मुख्य पाथरवट खोन्सु माझ्या मागे पुटपुटला.

"हेही सांगू का त्याला?"

"नको गं बाई. तलवार आखूड आहे, पण आहे."

त्या रोमनाचं नाव ऑलस नोव्हियस. शंभर शिपायांचा नायक. आदल्या उन्हाळ्यात अलेक्झांड्रिया पडली होती, राणी क्लिओपात्रानं स्वतःचा शेवट करून घेतला होता, आणि देवांच्या काळापासून कधी राजाशिवाय न राहिलेला आमचा देश रोमच्या ऑक्टेव्हियनचा झाला होता. आमचं गाव तेन्तिरा समुद्रापासून फार लांब, नाईलच्या वरच्या अंगाला. सत्ता बदलल्याचं आम्हांला आधी कानांनी कळलं. डोळ्यांनी कळलं ते नोव्हियसचे शिपाई होड्यांमधून उतरले तेव्हा. त्यांच्या खांद्यांवर भाल्यांबरोबर फावडी होती.

हे मी जीवनगृहात बसून लिहिते आहे. देवळाच्या पोथ्या जिथं ठेवतात आणि जुन्या झाल्या की नकलून घेतात, त्या खोलीला आमच्याकडे जीवनगृह म्हणतात. माझे बाबा, पामिन, इथले प्रमुख लेखक होते. भिंतीवर काय कोरायचं ते आधी लाल शाईनं रेखायचं, चुकलं तर काळ्यानं सुधारायचं आणि मग पाथरवटांच्या हाती द्यायचं, हे त्यांचं काम. ते वारले, आणि आता गावाबाहेर, पुरण्याआधी देहात मसाले भरणाऱ्यांकडे आहेत. दफन होईपर्यंत त्यांच्या जागेवर मी बसते. पुढेही मीच बसणार आहे, पण सध्या कुणी दारात आलं की मी अंग चोरून थोडी बाजूला सरकते.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. बाबांनी मला आमची लिपी शिकवली आणि ग्रीकही शिकवलं. बाकीच्या मुली माग चालवायच्या त्या वयात मी पोथ्यांवरची धूळ खात होते. म्हणून रोमन आले तेव्हा दुभाषी म्हणून मलाच पुढे केलं.

नोव्हियस वाईट माणूस नव्हता. हे मी आज मोठेपणानं म्हणत नाही, गावही तसंच म्हणायचं. राजघराण्यात भाऊ बहिणीशी आणि बहीण भावाशी लढत होती त्या सगळ्या काळात आमचे कालवे गाळानं भरून गेले होते. पूर यायचा, पण टोकाच्या शेतांपर्यंत पाणी पोचायचं नाही. कुणाला सांगणार? कोण राजा आहे हेच नक्की नसायचं. नोव्हियसचे शिपाई आले आणि त्यांनी कालवे खणायला घेतले. पहिल्या दिवशी गावातली म्हातारी माणसं काठावर बसून हसत होती. जग जिंकून आले आणि चिखलात उतरले, म्हणत होती. आठवडा गेल्यावर हसणं थांबलं. ती माणसं एका रेषेत उभी राहायची, एका तालावर फावडी उचलायची, आणि संध्याकाळी मागे सरळ, दोरीनं आखल्यासारखा कालवा उरायचा. बाबा एकदा मुद्दाम बघायला गेले. आल्यावर म्हणाले, "यांची रेघ चांगली आहे." बाबांकडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नव्हती.

पण नोव्हियस कालव्यांसाठीच आला नव्हता. दक्षिणेला थिबीसच्या बाजूला बंड उठलं होतं. जुन्या घराण्याच्या नावानं माणसं जमत होती. तिकडच्या एका देवळाचं दार रोमनांनी बंद केलं आणि तिथल्या तीन पुजाऱ्यांना होडीत घालून उत्तरेला नेलं. ते परत आले नाहीत. त्यामुळे आज देऊळ बघायला येतो, असा नोव्हियसचा निरोप आला तेव्हा आमचे थोरले पुजारी आंखहोर यांनी सकाळीच तीनदा अंघोळ केली.

थोरले येईपर्यंत आम्ही नोव्हियसला भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत बसवलं आणि बिअर दिली. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, मग हसला.

"ही मी पूर्वी प्यालो आहे. मिसरूड फुटत होतं तेव्हा. त्या हिवाळ्यात सीझरबरोबर अलेक्झांड्रियात अडकलो होतो."

"कुठल्या सीझरबरोबर?" मी विचारलं.

"तेव्हा एकच होते."

ऑक्टेव्हियन हा त्या म्हाताऱ्या सीझरचा दत्तक मुलगा. तोही आता सीझर म्हणवून घेतो, हे आम्हांला कळलं होतं.

"माझे ते पहिले सेनापती," नोव्हियस म्हणाला. "बंदरात आमची होडी बुडाली. म्हाताऱ्यानं सगळ्यांबरोबर पाण्यात उडी घेतली आणि पोहत निघाला. एका हातानं. दुसऱ्या हातात कागद होते, ते भिजू नयेत म्हणून वर धरले होते. मी मागून पोहत होतो. मला नुसता तो हात दिसत होता."

मी हे बाबांना सांगितलं. ते पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट वळले.

"वाचले का कागद?"

"वाचले," नोव्हियस म्हणाला.

"चांगला माणूस," बाबा म्हणाले.

मग थोरले आले, आणि आम्ही सगळे देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेलो.

या भिंतीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे राजाचं नाव लंबगोल कड्यात लिहितात. देवळाच्या आतल्या कितीतरी भिंतींवर राजा देवीला धूप, दूध, फुलं वाहतो आहे आणि त्याच्या शेजारचं कडं रिकामं आहे. पाथरवट तिथंवर पोचायचे तोवर राजा बदललेला असायचा. थोरले म्हणायचे, रिकामं कडं कधी चुकत नाही. बाबांना ते सहन व्हायचं नाही. नैवेद्य कोण दाखवतंय हे देवीला कळायला नको का, म्हणायचे. मागच्या भिंतीची पाळी आली तेव्हा त्यांनी हट्ट धरला आणि कडी भरून घेतली. तिथं राणी आहे आणि तिचा मुलगा आहे, दोघंही घराएवढी उंच. मुलगा पुढे, डोक्यावर आमच्या राजांचा मुकुट, हातात धूप. आई मागे, हातात हाथोर देवीचं खुळखुळ्यासारखं वाद्य.

"ही ती बाई?" नोव्हियसनं विचारलं.

"राणी," मी म्हणाले.

"अशी दिसायची?"

बाबा म्हणाले, "आम्ही चेहरा काढत नाही. काम काढतो. ती देवीपुढे उभी आहे एवढंच भिंतीला ठाऊक आहे."

"आणि हा पुढचा कोण?"

खोन्सु खोकला. थोरल्यांनी नोव्हियसकडे पाहून छानसं स्मित केलं आणि ते तसंच ठेवून आमच्या भाषेत मला म्हणाले, "सांग त्याला, हा तुमचाच सीझर."

मी बघत राहिले.

"अगं, कड्यात लिहिलेलंच आहे. तोलेमी, ज्याला सीझर म्हणतात. चेहरा कुणाचाच नाही असं तुझा बाप आत्ताच म्हणाला. मग झालं तर. हा खूश होईल, धन्याला कळवील, आपण आपल्या पूजेला लागू. पोरी, या देवळावर किती चुली पेटतात ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. आमचीही त्यातच होती. आणि खरं सांगायचं तर ते सोपं होतं. एक वाक्य. मी बाबांकडे पाहिलं.

"काय आहे ते सांग," बाबा म्हणाले.

"पामिन," थोरले अजून नोव्हियसकडे बघून हसतच होते, "तुला उत्तरेला जाणाऱ्या होडीत बसायचं आहे का?"

"काय आहे ते सांग, रेनपे. सावकाश सांग, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही."

मी सांगितलं. हा राणीचा मुलगा. म्हाताऱ्या सीझरपासून झालेला, असं राणी म्हणायची. अलेक्झांड्रियाचे लोक त्याला सीझेरियन म्हणत. माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. गेल्या उन्हाळ्यात त्याला मारलं.

कुणी मारलं ते मी सांगितलं नाही. तेवढं त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

नोव्हियस जवळच्या एका न घडवलेल्या दगडावर बसला. त्याचे शिपाई झाडाखाली कलिंगड फोडत होते. तिकडे त्यानं एकदा पाहिलं.

"तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं," तो म्हणाला.

"बाबांनी सांगायला सांगितलं."

"विचार त्यांना, का?"

मी विचारलं. बाबांना तो प्रश्नच नवीन वाटला असावा. ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत."

नोव्हियसनं कपाळावरचा घाम पुसला. मग तो उभा राहिला आणि त्याचा आवाज बदलला. "माझ्याजवळ हुकूम आहे. शत्रूंची नावं आणि चित्रं काढायची. बाईच्या मूर्तींना हात लावायचा नाही, तेवढं वगळलं आहे. मुलाबद्दल वगळलेलं नाही. सीझरचा वारस एकच आहे. तेव्हा हा मुलगा निघेल. आधी नाव, मग अंग. तुमच्या माणसाला वर चढायला सांग."

रंग सुधारायला म्हणून खोन्सुनं भिंतीला लाकडी परांची लावलेलीच होती. मी हुकूम सांगितल्यावर तो बाबांना म्हणाला, "मी? तो कान मी केलाय. आठ दिवस लागले होते त्या कानाला."

थोरले डोळे मिटून उभे होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बाबांनी खोन्सुच्या हातातली छिन्नी आणि ती ठोकायची लाकडी मोगरी घेतली. क्षणभर मला वाटलं, ते स्वतः वर चढणार. पण ते नोव्हियससमोर गेले आणि दोन्ही हत्यारं त्याच्यापुढे धरली.

"सांग त्याला, नियम सांगायचा राहिला," ते मला म्हणाले.

"कसला नियम?" नोव्हियसनं विचारलं.

बाबा शांतपणे, मधे थांबत बोलले, मला भाषांतराला वेळ मिळावा म्हणून. राजाच्या नावाला छिन्नी लागायची असेल, तर ज्याचा हुकूम, त्याचा पहिला घाव. त्यानं स्वतः कड्यापाशी उभं राहायचं. कड्यातलं नाव मोठ्यानं घ्यायचं, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग घाव घालायचा. पुढचं काम पाथरवट करतील.

"आणि नाही केलं तर?"

"तर आमच्यातला कोणी हात लावणार नाही. लावूच शकत नाही."

नोव्हियसनं बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. मग तो थोरल्यांकडे वळला. "तुम्ही इथले मुख्य. हे तुमच्या पुस्तकात आहे?"

मी भाषांतर केलं. आंखहोर फार बोलणारे गृहस्थ होते. आज ऊन आहे का, असं विचारलं तरी ते सूर्याच्या जन्मापासून सुरुवात करायचे. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"आहे," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "फार जुनं आहे."

नोव्हियसनं हत्यारं घेतली आणि शिडी चढायला लागला. मला म्हणाला, "तूही चल. मला तुमची चित्रं वाचता येत नाहीत."

वर वारा होता. खालून जे सपाट वाटतं ते जवळून तसं नसतं. दगडात गाल होता, ओठांची कड होती. खोन्सुचा कान होता, खरंच सुरेख. नोव्हियस त्या कानाशेजारी उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं त्या कानाएवढं होतं. खाली शिपाई जमले होते. नायक भिंतीवर चढलाय म्हटल्यावर कलिंगडं टाकून आले होते. त्यांतले काही पोक्त होते, पांढरे झालेले, नोव्हियसच्याच वेळचे.

मी एकेका खुणेवर बोट ठेवलं. "इथून सुरुवात. तोलेमी."

"तोलेमी," नोव्हियस म्हणाला. शिपायांना हाक मारायचा त्याचा आवाज होता. भिंतीवरून तो परतून आला.

"ज्याला म्हणतात."

"ज्याला म्हणतात."

"सीझर."

त्यानं छिन्नी कड्याच्या कडेला टेकवली. मोगरी उचलली. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला.

"मोठ्यानं," खालून बाबा म्हणाले.

"मोठ्यानं म्हणावं लागतं," मी त्याला सांगितलं.

"ऐकलं मी."

आणि त्यानं ते नाव मोठ्यानं घेतलं.

खाली एक म्हातारा शिपाई होता. पुढचे दात नसलेला, हातात अजून कलिंगडाची फोड असलेला. नाव कानावर पडताच त्यानं फोड खाली टाकली आणि तो ताठ उभा राहिला, टाचा जुळवून. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या शेजारचाही तसाच उभा राहिला. मग तिसरा. बाकीचे तरुण शिपाई एकमेकांकडे पाहू लागले.

नोव्हियसनं ते पाहिलं. मोगरी वरच होती. मी त्याच्या इतकी जवळ होते की त्याच्या मनगटावरची शीर हलताना मला दिसत होती. दगडातला मुलगा त्याच्याकडे बघत नव्हता, तो देवीकडे बघत होता. त्याच्या हातातला धूप त्यानं पुढे, जरा उंच धरलेला होता.

नोव्हियसनं मोगरी खाली घेतली. छिन्नीच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"बोथट आहे," तो म्हणाला.

"काय म्हणाला?" खोन्सुनं खालून विचारलं.

"छिन्नी बोथट आहे, म्हणतो."

"माझी छिन्नी?"

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बोथट आहे, खोन्सु."

"अहो, सकाळीच मी धार—"

"बोथट आहे."

खोन्सुनं बाबांकडे पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा बाबांकडे पाहिलं. "असेल," तो म्हणाला. आईच्या हाताला चव नाही असं कुणी चारचौघांत कबूल करायला लावावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

नोव्हियस खाली उतरला. शिपायांना त्यांच्या भाषेत काही बोलला. मला तेव्हा लॅटिन येत नव्हतं, पण ती माणसं मुकाट्यानं कालव्याकडे गेली. मग तो बाबांना म्हणाला, "मी कळवीन की दगड कठीण आहे आणि भिंत भाराची आहे. ती फोडली तर छप्पर धोक्यात येईल. बांधकाम कळणाऱ्या कुणालाही ते पटेल. पण माझ्या धन्याचं नाव या देवळात कुठंतरी दिसायला हवं. ते मला दाखवता आलं पाहिजे."

"आत कितीतरी कडी रिकामी आहेत," थोरले घाईनं म्हणाले.

"उरलेल्या जागा नकोत," बाबा म्हणाले. "त्यांना त्यांची भिंत देऊ. नवी. देवळाच्या समोर, उजव्या हाताला. देवीच्या बाळाचं घर बांधायचं कधीपासून मनात आहे. तिथं पहिल्या दगडापासून तेच राजे असतील."

नोव्हियस त्या जागेकडे गेला. पावलांनी लांबी मोजली, टाचेनं माती उकरली. परत आला तेव्हा पहिल्यांदाच तो मोकळा दिसत होता.

"पाया खणायला माझी माणसं देतो. गाळाचा कंटाळा आलाय त्यांना. पाणी लागेपर्यंत ना?"

"पाणी लागेपर्यंत," बाबा म्हणाले.

त्या वर्षीचा पूर टोकाच्या शेतांपर्यंत पोचला. लहानपणापासून मी जी जमीन फक्त भेगाळलेली पाहिली होती, तिच्यावर बगळे उतरले. पुढे नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि ऑक्टेव्हियनचं नाव बाबांनीच रेखलं, राणीचं रेखलं होतं तितक्याच निगुतीनं. खोन्सुनं त्याचाही कान केला. नोव्हियस त्याआधीच गेला होता. राइन नदीवर, म्हणे. तिथंही खणायलाच असेल.

हे सगळं होऊन पुष्कळ वर्षं झाली. थोरले वारले, पोथ्यांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मी एकेक पोथी वाचून काढायला लागले. मला वाचायची हाव होती, दुसरं कारण नव्हतं. देऊळ कसं बांधावं, कसं धुवावं, उंदरांना कुठल्या मंत्रानं हाकलावं, सगळं वाचलं. शेवटची गुंडाळी संपवली त्या दिवशी मी घरी आले तेव्हा बाबा अंगणात कुंचले धूत बसले होते. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, पण कुंचले अजून ते स्वतःच धुवायचे.

"बाबा, तो नियम कुठल्या पोथीत आहे?"

"कुठला?"

"पहिल्या घावाचा."

त्यांनी कुंचल्यातलं पाणी झटकलं. "नाही सापडायचा."

"वाळवीनं खाल्ली का ती?"

"वाळवीला खायला तो कुठं तरी असायला हवा ना."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. माझ्या तोंडून मीच तो नियम त्या माणसाला सांगितला होता, शब्दन् शब्द, आणि पुढे इतकी वर्षं तो मला पोथीतलाच वाटत आला होता.

"आणि थोरले 'आहे' म्हणाले?"

"म्हणाले. मला वाटलं होतं, बघून सांगतो म्हणतील. जन्मभर भांडलो आम्ही. त्या एका शब्दानंतर मी त्यांच्याशी भांडलो ते फक्त सवयीनं."

"मग आधीच त्यांचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? तेही खोटं, हेही खोटं. त्यांचं तर सोपं होतं."

बाबांनी पुढचा कुंचला पाण्यात बुडवला. शेजारच्या घरात कुणीतरी धान्य कांडत होतं.

"अलेक्झांड्रिया पडली त्या उन्हाळ्यात तू तापानं पडली होतीस," ते म्हणाले. "पडदे लावलेली एक होडी आपल्या घाटावरून वर गेली, कोप्तोसकडे. तो मुलगा आत होता, म्हणे. तिथून वाळवंट ओलांडायचं, मग समुद्र, मग हिंद देश. आईनं सगळी सोय केली होती त्याची. थोड्याच दिवसांनी तीच होडी खाली जाताना दिसली. त्याच्या शिक्षकानं त्याला सांगितलं होतं, चल परत, रोमवाले तुलाच गादी देणार आहेत. त्यानं विश्वास ठेवला. शिक्षकच तो. मी घाटावर उभा होतो."

त्यांनी कुंचला फडक्यावर आडवा ठेवला.

"त्या पोराला शेवटचं जे सांगितलं गेलं ते खोटं होतं. त्याच्याबद्दल आणखी एक, त्याच्याच समोर, तुझ्या तोंडून. मला नाही ते जमलं."

"आणि नियम?"

"तो त्या रोमनासाठी होता. हातात कागद वर धरून पोहणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट इतक्या वर्षांनी सांगणारा माणूस. त्याचा हात चालायचा नाही. फक्त त्याला स्वतःला ते कळायला हवं होतं, आणि त्यासाठी त्याला तिथवर चढवणं भाग होतं."

"तुम्हांला माहीत होतं, हात चालणार नाही हे?"

"नाही गं. वाटलं होतं."

"आणि चालला असता तर?"

"तर निदान एकदा, एका रोमनानं, सगळ्यांसमोर त्याचं नाव मोठ्यानं घेतलं असतं," बाबा म्हणाले, आणि पुढचा कुंचला उचलला.

परवा त्यांना मसाले भरणाऱ्यांच्या घरी पोचवून आल्यावर मला घरी बसवेना. इथं आले आणि भिंतींच्या दुरुस्तीची जुनी पोथी नकलायला घेतली. ती कडेनं विरत चालली आहे, नक्कल केव्हातरी करायचीच होती. आज दुपारी रंग वाळू देण्याच्या नियमापाशी आले. त्याच्यानंतर, आणि परांची उतरवण्याच्या नियमाच्या आधी, मी एक कलम जास्त लिहिलं. आंखहोर 'फार जुनं आहे' म्हणाले होते, म्हणून भाषा जुन्या वळणाची वापरली. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही, या पोथ्यांमध्ये कुणाचंच नाव नसतं. अक्षर आजूबाजूच्या ओळींसारखंच आलं आहे. बाबांनी शिकवलेलं आहे ते.

पुढे कधीतरी आणखी कुणी येईल, या भिंतीसमोर उभा राहील आणि विचारील, हे तुमच्या पुस्तकात आहे का. तेव्हा इथं जो कोणी बसलेला असेल, त्याला पोथी उघडून दाखवता येईल.